चमचाभर दुधाचं गाणं

भाद्रपद आला की बंगळूरची हवा बदलते. आषाढातला वारा दमून बसतो, संध्याकाळी तासभर पाऊस पडून जातो, आणि रस्त्याकडेच्या फुलवाल्यांच्या टोपल्यांतली अबोली त्या ओल्या उजेडात नेहमीपेक्षा जास्त केशरी दिसू लागते. मारतहळ्ळीच्या आमच्या सोसायटीत याच दिवसांत खालच्या हॉलमधून ढोलकी ऐकू येते. पुण्याहून, नागपूरहून नोकरीसाठी आलेली मुलं कामावरून येऊन गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमी करतात. यंदा त्यांनी एक विनोदी संगीतिका बसवायला घेतली आहे. गणपती बंगळूरला येतो, ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि त्याला मोक्षाचं पॅकेज विकणारा एक बुवा भेटतो, अशी काहीतरी गोष्ट आहे. नागपूरची सायली परवा फोनवरच सगळं लिखाण घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, तुम्ही एकदा वाचा. कोणाच्या भावना दुखावतील असं काही नाही ना यात?"

मी वाचलं. दोन ठिकाणी मोठ्यानं हसले. आणि मग फोन तसाच हातात धरून बसले. ती वाट बघत उभी होती आणि माझ्या कानात एक जुनं हसू खरखरत होतं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी लग्न होऊन साताऱ्याहून मल्लेश्वरमला आले होते. श्रीधर, माझा नवरा, एका सरकारी कारखान्यात इंजिनियर. आमच्या गल्लीत मराठी घरं मोजकीच, आणि त्यांत सगळ्यांत जुनं घर इंदूअक्कांचं. अक्का मूळच्या धारवाडकडच्या. त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं की कुठलं कुठे संपतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गणपतीच्या आदल्या दिवशी त्या शेजारणींबरोबर कानडी गौरी पुजायच्या आणि नंतर आपल्या मराठी गौरीही बसवायच्या. दोन्हीकडच्या गौरींना दोन तऱ्हेचा स्वयंपाक. मी विचारलं होतं, एक केली तर नाही का चालणार. तर म्हणाल्या, दोघी माहेरवाशिणी, एकीला बोलवायचं नि एकीला नाही, असं कसं करायचं.

त्यांचे यजमान, ज्यांना सारी गल्ली अण्णा म्हणायची, कारखान्यातून निवृत्त झालेले. मी आले त्या पहिल्या वर्षी अण्णा धडधाकट होते. उंच, गोरे, सकाळी व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसणारे. देवबीव त्यांच्या खिजगणतीत नव्हता. अक्का आत पूजेला बसल्या की हे बाहेरून टोमणे मारत. घंटा हळू वाजव, त्याला कमी ऐकू येत नाही. एवढं गंध लावू नकोस, त्याला पुटकुळ्या येतील. अक्का आतून काही तरी फणकारून म्हणत आणि दोघं एकदमच हसत. त्या घराजवळून जाताना मला ती पूजा त्या टोमण्यांसकटच ऐकायची सवय झाली होती.

मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी दुपारी मोकळी असायची, म्हणून अक्कांना मदत व्हावी यासाठी जायला लागले. मदत म्हणजे काय, उशी सरकवायची, चादर बदलताना एका बाजूनं धरायचं. खरं काम त्यांचंच. नाचणीची पातळ आंबील अक्का चमच्यानं भरवत. अण्णांना नीट गिळता येत नसे, आणि यावं अशी इच्छाही उरली नव्हती. अक्का चमचा त्यांच्या ओठांशी नेत, मान थोडी तिरपी करत, आणि नकळत स्वतःचं तोंड उघडत. "आऽ" करत तशाच थांबत. घोट आत गेला तर अक्कांचाच गळा हलायचा, जणू त्यांनीच गिळलं. गेला नाही तर तो हनुवटीवरून ओघळायचा आणि त्या पदरानं पुसून पुन्हा मान तिरपी करायच्या. एक वाटी आंबिलीला अख्खी दुपार लागे.

त्याच काळात एके दिवशी देशभर गणपती दूध प्यायला. आज कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण त्या दिवशी आमच्या भागात दुपारनंतर दूध मिळेना. देवळापुढच्या रांगा रस्त्यावर आल्या होत्या. ऑफिसात काम बंद पडलं आणि श्रीधरनं तिथून फोन करून मला पृष्ठीय ताण म्हणजे काय ते समजावलं. मी हो हो म्हटलं. फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन आमच्या देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीच्या सोंडेला चमचा लावला. दूध हळूहळू कमी होत गेलं. माझ्या अंगावर काटा आला. मी चमचा धुऊन जागेवर ठेवला आणि ही गोष्ट श्रीधरला कधी सांगितली नाही.

अक्कांनी मात्र सगळ्या गल्लीला सांगितलं. आपला गणपती कसा एका दमात प्यायला, दुसरा चमचाही कसा प्यायला. त्यांचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला तसा आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. लोक समोर मान डोलवत होते आणि पाठ फिरली की हसत होते. आम्हीही हसलो. घरी येऊन, दार लावून, चांगले खदखदून.

पुढच्या वर्षीच्या गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी श्रीधरनं प्रहसन लिहिलं ते याच विषयावर. पेटी तोच वाजवायचा, चाली त्याच्याच. सबंध गाव देवाला दूध पाजायला धावतं आणि इकडे घरात पोरांना बिनदुधाचा चहा, असा सगळा मामला. त्यात एका भाबड्या आजीचं काम होतं आणि ते मला दिलं होतं. तिचं एक गाणं होतं, आरतीसारख्या संथ चालीवर सुरू होऊन हळूहळू लावणीच्या ठेक्यात शिरणारं:

"घे रे बाप्पा, घोटभर घे,
पाणी नाही घातलं, शपथ घे.
तू प्यायलास की छापतील फोटो,
चहापुरतं तेवढं ठेवून दे."

गाणं खरंच गमतीचं होतं. आजही मी ते गुणगुणते तेव्हा ओठांच्या कोपऱ्यात हसू येतंच, आणि ते आलं की पाठोपाठ लाज येते. श्रीधरचं म्हणणं स्पष्ट होतं. आपण देवाची टिंगल करत नाही, अंधश्रद्धेची करतो. ते मला पटलं होतं. मला अजूनही ते चुकीचं वाटत नाही.

पण गाणं तालमीत उभं राहिना. शब्द चांगले, चाल चांगली, तरी कोणी हसेना. मग एका संध्याकाळी गाता गाता मी चमचा पुढे केला, मान तिरपी केली आणि स्वतःचं तोंड उघडून "आऽ" करून थांबले. बसलेली सगळी माणसं एकदम फुटली. श्रीधरनं पेटीवरचे हात उचलले आणि डोळे पुसत म्हणाला, "हे ठेव. काहीही झालं तरी हे ठेव."

ते कुठून आलं हे त्या क्षणी मला खरंच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांकडे उशी सरकवत असताना समोर तीच तिरपी मान दिसली आणि मला कळलं. मी नजर वळवली. संध्याकाळी तालमीला गेले आणि तेच पुन्हा केलं. उलट आता मला माहीत होतं कुठे बघायचं ते. घोट गेल्यावर गळा हलायचा तो मी त्यानंतर घातला.

नऊवारी नेसायला माझ्याकडे नव्हती. मी ती अक्कांकडेच मागितली. एका आजीचं काम आहे, एवढंच सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. ट्रंकेतून त्यांनी लाल काठाची, काळ्या अंगाची इरकली काढली, कार्यक्रमाच्या दुपारी मला समोर उभी करून स्वतः नेसवली, आणि निऱ्या खोचताना म्हणाल्या, आज अण्णांनाही घेऊन येणार आहे, पाच-सहा महिने बाहेर काढलं नाही त्यांना, माणसं बघितली की बरं वाटेल.

तेव्हा सांगता आलं असतं. मी आरशात बघत होते. निऱ्या सुरेख आल्या होत्या.

लग्नाचा हॉल भाड्यानं घेतला होता. ओल्या छत्र्या, मोगरा, मोदकांचा वास. अण्णांना चाकाच्या खुर्चीतून आणून पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं होतं. डोक्याला कानटोपी, अंगावर शाल, आणि शेजारी अक्का. गाणं सुरू झालं. "घे रे बाप्पा" म्हणत मी मान तिरपी केली, तोंड उघडलं आणि थांबले. हॉल हसला. तसं हसणं अंगावर येतं तेव्हा माणसाला आणखी हवं असतं. मी गळा हलवला. हॉल पुन्हा हसला. आणि त्या हसण्याच्या मधून एक वेगळाच आवाज आला. बंद पडलेली स्कूटर खूप दिवसांनी सुरू करावी तसा, घशातून निघालेला, खरखरीत. अण्णा हसत होते. डावा गाल वर गेला होता, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं.

अक्का रंगमंचाकडे बघत नव्हत्या. त्या अण्णांकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या चमच्याकडे, माझ्या उघड्या तोंडाकडे. त्यांना समजलं हे मला समजलं.

मागून वन्स मोअर आला. पेटीनं सूर धरला. मला नाही म्हणता आलं असतं. घसा धरून खोकले असते तरी निभावलं असतं. मी पुन्हा गायले. पहिल्यांदा गायले होते ते नाटकासाठी. दुसऱ्यांदा, अक्का बघत असताना, तीच मान तिरपी करून मी ते टाळ्यांसाठी गायले.

दुसऱ्या दिवशी मंडळात वाद पेटला. काही ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं, गणपतीपुढेच गणपतीची विटंबना झाली, माफी मागा. श्रीधर आणि त्याचे मित्र म्हणाले, हसता येत नसेल तर ती भक्ती कसली. आपले संत देवाशी भांडले, त्याला नावं ठेवली, त्यांना कोणी माफी मागायला लावलं होतं का. दोन्ही बाजू तावातावानं बोलत होत्या. मी सतरंजीवर एका कोपऱ्यात बसून ऐकत होते. सगळा वाद देवाच्या अपमानाचा होता. बाईचा कोणी विषय काढला नाही, कारण बाई कोणाला दिसलीच नव्हती. शेवटी विरोधकांनी अक्कांनाच बोलावणं धाडलं. एवढी सोवळ्यातली बाई, तिनं सांगावं तिला काय वाटलं ते. अक्का आल्या, उभ्यानंच म्हणाल्या, "गणपतीचं काय ते तो बघून घेईल. मला घरी काम आहे." आणि गेल्या. ते वाक्य श्रीधरच्या बाजूनं आपलं म्हणून उचललं, विरोधकांनीही आपलं म्हणून उचललं.

सायलीला मी परवा एवढंच विचारलं, की ज्याची नक्कल करताय ते माणूस प्रेक्षकांत बसणार आहे का. ती म्हणाली, "नाही हो काकू, हे अगदी जनरल आहे." मी म्हटलं, आमचंही जनरलच होतं. ती हसली. तिला तो विनोद वाटला.

इरकली परत करायला मी बरेच दिवस लावले. आधी धुतली, मग इस्त्री केली, मग पाऊस आहे म्हणून थांबले. शेवटी एका दुपारी गेले. अक्कांनी घडी हातात घेतली, नाकाशी नेऊन वास घेतला, आत ठेवली. कॉफी केली. मी माफी मागायची तयारी करून गेले होते. वाक्यं जुळवली होती. त्यांनी ती मला म्हणूच दिली नाहीत. स्टीलचा पेला पुढे सरकवत सावकाश म्हणाल्या, "मला वाटायचं, तू अण्णांना बघायला येतेस. तू मला बघत होतीस होय."

कॉफीवर साय धरली.

थोड्या वेळानं त्या वेगळ्याच स्वरात बोलू लागल्या. माझ्याशी कमी, स्वतःशी जास्त. या घरात पस्तीसेक वर्षं रोज सकाळी देवाची थट्टा व्हायची, म्हणाल्या. झटका आला आणि ती बंद पडली. पूजेला बसले की बाहेरून काही येतच नाही. घंटा वाजवते आणि थांबते, आता काही म्हणतील म्हणून. कोणी काही म्हणत नाही. मग त्या दिवशी सगळे सांगू लागले की देव दूध पितोय, तर मीही नेऊन चमचा लावला. प्यायला की नाही ते देव जाणे. पण माझ्या हातातला चमचा इतक्या दिवसांत पहिल्यांदा रिकामा झाला गं. ओघळलं नाही. पुसावं लागलं नाही.



मग त्या उठल्या, आंबिलीची वाटी आणि दोन चमचे घेऊन आल्या, आणि मला आतल्या खोलीत चल म्हणाल्या. अण्णा खिडकीकडे तोंड करून निजले होते. अक्कांनी त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि एक चमचा माझ्या हातात दिला. "तिथं केलंस ते कर. त्यांच्यासाठी कर."

मी नको म्हटलं. हात जोडले. त्या तशाच उभ्या. शेवटी त्या खोलीत, पेटीशिवाय, तबल्याशिवाय, दिवसाच्या स्वच्छ उजेडात मी "घे रे बाप्पा" म्हटलं. आवाज फाटत होता. मी अक्कांसमोर अक्कांची मान तिरपी केली, अक्कांचं तोंड उघडलं. अण्णांचा डावा गाल हलला. ते हसले. तोच खरखरीत आवाज. आणि त्यांचं तोंड हसण्यानं उघडलं त्या क्षणी अक्कांनी दुसऱ्या चमच्यानं आंबील आत घातली. त्यांनी गिळली. अक्कांचा गळा हलला. मी पाहिला आणि मान फिरवली.

"उद्या ये," त्या म्हणाल्या.

मी रोज जाऊ लागले. पितृपक्ष गेला, बाजारात दसऱ्याला घरोघरी मांडायच्या बाहुल्या आल्या, रस्त्याच्या कडेनं आयुधपूजेला फोडायच्या राखी कोहळ्यांचे ढीग लागले. दुपारी मी त्या खोलीत उभी राहून तेच कडवं म्हणत होते. मंडळात ज्याच्यावर माफी मागायची की नाही असा वाद झाला होता ते गाणं इथे औषधासारखं वेळेवर दिलं जात होतं. कधी कधी अक्काही हसत. कधी माझ्या नकलेत दुरुस्ती सांगत, मान एवढी नाही, थोडी कमी. अशा वेळी मला वाटे, झालं, फिटलं सगळं. आणि दुसऱ्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरून काही तरी निघून जाई आणि मला कळे की फिटलेलं नाही. मला ते शिक्षा म्हणून करायला लावत होत्या की मदत म्हणून, हे मी ठरवू शकले नाही. त्यांनाही ते वेगवेगळं सांगता आलं नसावं.

एकदा अण्णा हसता हसता रडायला लागले. हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते कळलं नाही. आवाज तोच होता. अक्कांनी वाटी खाली ठेवली, त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि मला हातानं जायची खूण केली. त्यानंतर गाणं झालं नाही. मी जात राहिले, उशी सरकवत राहिले. चमचा मी पुन्हा हातात घेतला नाही. थंडी सरायच्या आत अण्णा गेले.

श्रीधर अजून म्हणतो की ते प्रहसन त्यानं लिहिलेल्यांत सर्वांत चांगलं. त्याचं चुकत नाही. देवावर हसावं की नाही, यावर मी एवढ्या वर्षांत खूप ऐकलं, थोडं वाचलं. मला वाटतं देवाला हसणं चालत असावं. अण्णांचं त्यानं पस्तीस वर्षं चालवून घेतलं. पण अण्णा देव्हाऱ्याच्या दाराशी बसून हसत, आणि आतून त्यांना उत्तर यायचं. आमच्या हॉलमध्ये उत्तर द्यायला जागाच ठेवलेली नव्हती. एवढाच फरक मला सांगता येतो, आणि तो सायलीला सांगायला गेले तर भाषण वाटेल. तिला मी म्हटलं, करा, छान आहे. तेही खोटं नव्हतं.

अण्णा गेल्यानंतर वर्षभरानं अक्का मुलीकडे हुबळीला राहायला गेल्या. जायच्या दिवशी मी सकाळपासून तिथे होते. भिंतींवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन राहिले होते. देव त्यांनी धुतलेल्या धोतरात गुंडाळून पिशवीत ठेवले, आणि ती पिशवी कोणाला उचलू दिली नाही. बाहेर रिक्षा येऊन थांबली होती. आता विचारलं नाही तर राहूनच जाईल, असं वाटून मी विचारलं. "अक्का, तुम्हाला माझा राग आला होता का?"

त्यांनी थोडा वेळ खरोखर विचार केला.

"आला होता की. अजून आहे." मग अंगठा आणि बोट एकमेकांजवळ आणून त्यांनी केवढा ते दाखवलं. "स्वल्प."

मी तिथेच उभी राहिले. त्या ट्रंकेपाशी गेल्या, वाकून एका बाजूची कडी धरली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघत काय उभी राहिलीस? ये, त्या बाजूनं धर."

ट्रंक जड होती. आम्ही दोघींनी ती मध्ये कुठेही न टेकवता रिक्षापर्यंत नेली.